मांडीवरची तपासणी

बाळ आईच्या मांडीवर झोपलेलं असेल तर त्याला उठवायचं नाही. जवळ उभं राहायचं, झबलं वर करायला आईला सांगायचं आणि एक डोळा घड्याळावर, एक पोटावर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. बालरोग विभागात पोस्टिंगला आलेल्या विद्यार्थ्याने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच. प्रत्यक्षात बहुतेक जण ती शेवटी शिकतात, काही जण थेट इंटर्नशिपमध्ये, रात्रीच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात गळ्यातला स्टेथोस्कोप नवा असतो. वॉर्डात शिरल्याबरोबर तो बाळाच्या छातीवर टेकतो, त्याची थंडगार चकती लागताच बाळ टाहो फोडतं आणि पुढची पंधरा मिनिटं त्या बाळाकडून कोणालाच काही कळत नाही. श्वास मोजता येत नाहीत, हृदयाचे ठोके रडण्यात बुडतात, पोट टणक होतं.

एक मिनिट म्हणजे एकच मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय मोठ्यांच्या वॉर्डात चालून जाते, इथे ती घात करते. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो: चार-सहा श्वास भरभर, मग जरासा थांबा, मग पुन्हा भरभर. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त आणि १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त श्वास असतील तर ते जलद धरतात. आता सहा महिन्यांच्या बाळाचे पंधरा सेकंदांत १२ श्वास मोजले तर गुणाकार ४८ येतो, १३ मोजले तर ५२. एका श्वासाच्या फरकाने बाळ न्यूमोनियाच्या रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे जातं, त्याला अँटिबायोटिक मिळतं किंवा मिळत नाही.

गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी जेमतेम शिकलेल्या गावातल्या माणसांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवलं. बालमृत्यू त्याने कमी झाले, आणि तो अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या कार्यकर्त्यांकडे स्टेथोस्कोप नव्हता. मेडिकल कॉलेजातल्या विद्यार्थ्याकडे तो असतो, आणि कधी कधी तोच आडवा येतो. छातीत घरघर ऐकू आली की विद्यार्थी खूश होतो. ती बऱ्याचदा नाकातल्या शेंबडाची असते. मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून नाक मोकळं करावं आणि पुन्हा ऐकावं, अर्धी घरघर गेलेली असते.

श्वास मोजताना आणखी एक गोष्ट बघायची असते, ती आई बहुधा आधीच सांगून गेलेली असते: ‘पोट उडतंय.’ श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांच्या कडेचा, आत ओढला जातो का? बाळाची मान पुढे वाकलेली असेल, ते दूध पीत असेल किंवा रडत असेल तर हे नीट दिसत नाही. झबलं अर्धवट वर केलं तरी दिसत नाही. नाकपुड्या फुलणं आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येणं हे त्याच मिनिटात, बाळाला हात न लावता टिपता येतं.

तपासणीचा क्रम बालरोगात उलटापालटा असतो आणि तसाच तो शिकावा लागतो. मोठ्यांच्या वॉर्डात डोक्यापासून पायापर्यंत जायची शिस्त असते. इथे जे बाळाला त्रास न देता होईल ते आधी, जे नक्की रडवेल ते शेवटी. बघणं, मोजणं, मग हृदय, मग फुप्फुसं, मग पोट. घसा आणि कान अगदी शेवटी. स्टेथो तळहातात धरून कोमट करायचा, आधी आईच्या हातावर किंवा बाळाच्या बाहुलीवर टेकवून दाखवायचा. प्लीहा (पानथरी) चाचपायची तर बाळ अंगावर पीत असतानाची वेळ उत्तम: पोट सैल असतं, गुडघे आपोआप दुमडलेले असतात. हात उजव्या ओटीपोटापासून डाव्या बरगडीकडे न्यायचा, कारण खूप वाढलेली प्लीहा खालपर्यंत आलेली असते आणि वरून सुरुवात केली तर बोटं तिच्यावरच फिरत राहतात, कड सापडत नाही. घसा बघताना मूल आईच्या मांडीवर, पाठ आईच्या छातीला, आईचा एक हात मुलाच्या कपाळावर, दुसरा दोन्ही हातांभोवती. पण श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज येतोय, तोंडातून लाळ गळतेय आणि मूल पुढे झुकून बसलंय, अशा मुलाच्या तोंडात चमचा घालायचा नाही, त्याला आडवंही करायचं नाही. सुजलेल्या कंठात श्वासाचा मार्ग पुरता बंद होऊ शकतो. हे वाक्य पाठ असलेले विद्यार्थी पुष्कळ. समोर तसं मूल आल्यावर हात मागे घेणारे थोडे.

माहिती घेणं हा वेगळाच प्रकार. इथे पेशंट बोलत नाही, त्याच्या वतीने दुसरं कोणी बोलतं, म्हणून केसपेपरवर सुरुवातीलाच लिहायचं असतं की माहिती कोणी दिली आणि ती कितपत भरवशाची आहे. वॉर्डात मुलाजवळ कधी आई असते, कधी आजी, कधी काल रात्री गावाहून आलेले काका. आजीला दुखण्याबद्दल पुष्कळ सांगता येतं, पण बाळ किती आठवड्यांचं जन्मलं हे तिच्यापेक्षा माता-बाल संरक्षण कार्डावरून नीट कळतं. ते कार्ड मागून घ्यायची सवय लावून घ्यावी: जन्माचं वजन, लसी, वाढीचा तक्ता, सगळं तिथे. कार्ड घरी राहिलं असेल तर निदान डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण दिसतो का ते बघायचं. ‘सगळ्या लसी झाल्या’ या उत्तरावर थांबू नये. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, दीड वर्ष असं टप्प्याटप्प्याने विचारलं की नवव्या महिन्याची गोवर-रुबेला राहून गेल्याचं कळतं, कारण तेव्हा आई ऊसतोडीला गेलेली असते किंवा बाळाला ताप असतो.

जन्माबद्दल विचारताना प्रश्न साधे असावेत. ‘ताई, बाळ जन्मल्याबरोबर रडलं का? काचेच्या पेटीत ठेवलं होतं का? किती दिवस? पहिलं दूध कधी पाजलं?’ याची उत्तरं मिळतात. ‘प्रसूतीत काही गुंतागुंत?’ याला उत्तर ‘नाही’ असंच येतं.

आहाराची नोंद हा विद्यार्थ्यांचा सर्वांत कच्चा भाग, आणि खरं तर सर्वांत रंगतदार. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत मुलाने काय काय खाल्लं हे विचारून उष्मांक काढायचे असतात. आई म्हणते ‘एक वाटी वरण’, विद्यार्थी तक्त्यातून वाटीभर वरणाचे उष्मांक आणि प्रथिनं उतरवतो, बेरीज छान जमते. वरण म्हणजे वरचं पाणी की खालची डाळ, हे विचारलेलंच नसतं. बऱ्याच घरांत दहा महिन्यांच्या मुलाला डाळीचं पाणीच दिलं जातं, डाळ ‘पचत नाही’ म्हणून. तसंच दुधाचं: पाकिटातल्या दुधात किती पाणी घालता, चमच्याने पाजता की बाटलीने, बाटली कशी धुता? चहात बुडवलेली बिस्किटं कोणी जेवणात धरत नाही, म्हणून ती वेगळी विचारावी लागतात. वाटी किती मोठी, हे तर वॉर्डातली वाटी समोर ठेवूनच विचारावं. पहिल्या १० किलोंसाठी किलोमागे १०० उष्मांक हा ढोबळ हिशेब धरला तर आठ किलोच्या मुलाला ८०० लागतात. डाळीच्या पाण्याचं एकदा कळलं की जमलेली बेरीज कोसळते आणि मुलाचं वजन चार महिने का वाढलं नाही हे उलगडतं.

वजनाचंही असंच. काटा शून्यावर आणायचा, बाळाचे सगळे कपडे, लंगोट, वाळे काढायचे. काट्यावर अंथरलेला कागद ओला झाला तर बदलायचा. लांबी मोजायला दोन माणसं लागतात, एकट्याने होतच नाही: एकाने डोकं पट्टीच्या टोकाला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून पाय सरळ करून सरकती पट्टी तळव्यांना लावायची. दोन वर्षांपर्यंत आडवी लांबी, पुढे उभी उंची. एकाच मुलाची आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटरने जास्त भरते. त्यामुळे तक्त्यावर कुठली लिहिली हे महत्त्वाचं. डोक्याचा घेर भुवयांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून, तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. वेणी किंवा शेंडी असेल तर पट्टी तिच्याखालून. दंडाचा घेर डाव्या हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात तो ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर तीव्र कुपोषण. पट्टी जराशी आवळली की १२ चे ११.४ होतात. मध्य डोळ्यांनी ठरवला तरी तेच. बालरोगातले मला ठाऊक असलेले अनेक वाद ‘पुन्हा मोजा’ एवढ्यावर मिटतात.

नंदुरबार, मेळघाट किंवा पालघरकडून आलेल्या मुलांच्या वॉर्डात विद्यार्थ्याची आणखी एक परीक्षा होते. पायांवर सूज आलेलं कुपोषित मूल वजनाला बरं भरतं. पाण्याचंच वजन ते. म्हणून दोन्ही पावलांवर अंगठा काही सेकंद दाबून खळगा उरतो का हे वजनकाट्याच्या आधी बघायचं. खोल गेलेले डोळे आणि चिमटा सोडल्यावर हळू परतणारी कातडी ही एरवी शुष्कतेची, म्हणजे अंगातलं पाणी कमी झाल्याची खूण; फार हाडकुळ्या मुलात चरबीच उरलेली नसते, त्यामुळे जुलाब नसतानाही ही दोन्ही दिसतात. ते पाहून भरभर सलाइन सोडलं तर आधीच दुबळं झालेलं हृदय ते झेलू शकत नाही. शिवाय अशा मुलाला जंतुसंसर्ग असूनही ताप येत नाही. अंग गार लागतं, साखर खाली गेलेली असते. पाठ्यपुस्तकातल्या लक्षणांवर भरवसा ठेवून वाढलेल्या विद्यार्थ्याला हे मूल पहिल्यांदाच शिकवतं की काही मुलांत लक्षण गायब असणं हेच लक्षण असतं.

विकासाचे टप्पे पाठ करणं सोपं: दोन महिन्यांना ओळखीचं हसू, चौथ्याच्या आत मान धरणं, आठव्याच्या आसपास आधाराशिवाय बसणं, वर्ष ते सव्वा वर्षात चालणं. चूक होते ती विचारण्यात. ‘बसतं का?’ म्हटलं की आई ‘हो’ म्हणते, कारण तीन बाजूंनी उशा लावून ते बसतं. बसवून बघावं. खिशात खुळखुळा, लाल चेंडू, एक इंचाचे ठोकळे, छोटी घंटा आणि टॉर्च असला की बरंच काम होतं. मूल भुकेलं किंवा झोपाळलेलं असेल तर तासाभराने परत यावं, नाहीतर निरोगी मुलाला मागे पडल्याचा शिक्का बसतो. आणि लवकर जन्मलेल्या बाळाचं वय दुरुस्त करून घ्यावं: ३२ आठवड्यांना जन्मलेलं, आज सहा महिन्यांचं बाळ विकासाच्या दृष्टीने चार महिन्यांचं आहे. ते बसत नसेल तर काहीही बिघडलेलं नाही. दोन वर्षांपर्यंत ही दुरुस्ती करत राहायची.

आता थोडी तक्रार. वर्षाच्या शेवटी परीक्षेत लाँग केस, म्हणजे सविस्तर तपासायचा रुग्ण म्हणून जी मुलं ठेवली जातात ती बहुधा ठरलेली असतात: थॅलॅसेमिया या रक्ताच्या आजारात मोठी झालेली प्लीहा असलेलं, नेफ्रोटिक या मूत्रपिंडाच्या आजाराची सूज असलेलं, हृदयात छिद्र असलेलं, सेरेब्रल पाल्सीचं. कारण उघड आहे. ही मुलं स्थिर असतात, परीक्षेच्या दिवशी बोलावता येतात आणि त्यांच्या खुणा बदलत नाहीत. परिणाम असा की विद्यार्थी पोस्टिंगभर याच मुलांभोवती घोटाळतात. रक्त चढवायला दर तीन-चार आठवड्यांनी येणाऱ्या मुलाची प्लीहा एका सकाळी वीस जण चाचपतात. तिसऱ्या-चौथ्या हातानंतर ते मूल पोट ताणून धरतं आणि पुढच्यांना काही लागत नाही, तरी वहीत सगळ्यांचे सेंटिमीटर सारखे. एका मुलाला सकाळी तिघांहून जास्त हात लागू नयेत असं मला वाटतं, आणि त्या मुलालाही विचारलं जावं. सात वर्षांच्या मुलाला ‘नको’ म्हणता येतं. काल रात्री आलेलं, जोरात श्वास घेणारं आठ महिन्यांचं बाळ मात्र चार खाटा पलीकडे असतं, आणि त्याच्याजवळ रेसिडेंट डॉक्टरशिवाय कोणी नसतं. पुढे खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या विद्यार्थ्यासमोर येणार आहे ते हेच बाळ. अलीकडच्या अभ्यासक्रमात कौशल्यांच्या नोंदी, लॉगबुक आणि वेगवेगळ्या टेबलांवरची छोटी परीक्षा आली, त्याने काही फरक पडतो आहे. पण लॉगबुक शेवटच्या आठवड्यात एकदम भरलं गेलं तर ती नुसती सह्यांची वही.

बालरोगात गणित पाठ सोडत नाही, आणि चुका जीवघेण्या होतात त्या इथे. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर सव्वासहा मिलिलिटर, २५० चं असेल तर तीन, आणि मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर फक्त दीड. चिठ्ठीवर नुसतं ‘पॅरासिटामॉल ६ मिली’ लिहिलं आणि घरी थेंबांची बाटली असली तर चौपट डोस. म्हणून आधी मिलिग्रॅम, मग बाटलीवरची तीव्रता, मग मिलिलिटर, या क्रमाने लिहायला लावावं. अमिकासिन या अँटिबायोटिकच्या वायल (कुप्या) याहून फसव्या: १०० मिलिग्रॅमचीही २ मिलिलिटर, ५०० मिलिग्रॅमचीही २ मिलिलिटर. दोन किलोच्या नवजाताला ३० मिलिग्रॅम म्हणजे पहिल्यातून ०.६ मिलिलिटर. तेवढंच दुसऱ्यातून काढलं तर दीडशे मिलिग्रॅम जातात, कानाला आणि मूत्रपिंडाला.

सलाइनचा हिशेब तसाच. दिवसाला पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या दहांना ५०, त्यापुढे २०. चौदा किलोच्या मुलाला १००० अधिक २००, म्हणजे १२०० मिलिलिटर, तासाला ५०. मायक्रोड्रिप, म्हणजे बारीक थेंबांच्या सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, त्यामुळे तासाला जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब: पन्नास. ही सोय फार गोड आहे आणि म्हणूनच धोक्याची. स्टोअरमध्ये मायक्रोड्रिप संपले, कोणी २० थेंबांचा साधा सेट लावला आणि थेंब पन्नासच ठेवले, तर तासाला दीडशे मिलिलिटर आत जातात. विद्यार्थ्याला सलाइनसमोर उभं करून आधी सेटचं पाकीट वाचायला लावावं, मग थेंब मोजायला.

हाताने करायची कामं विद्यार्थ्यांच्या वाट्याला कमी येतात, आणि ते योग्यच. पण धरणं हेही कौशल्य आहे, आणि ते कोणी शिकवत नाही. पाठीतलं पाणी काढताना बाळ धरणाऱ्यावर निम्मं यश असतं: पाठ खाटेच्या काठाशी, कंबर वाकलेली, खांदे आणि कुल्ले एका रेषेत. नवख्याचा हात मान वाकवण्यावर जोर देतो आणि नवजाताचा श्वास त्यात अडतो. वाकवायची कंबर, मान नव्हे. धरणाऱ्याने बाळाच्या ओठांचा रंग सतत बघत राहायचं आणि तो बदलला की सुई चालवणाऱ्या डॉक्टरांना थांबवायचं, मग ते कितीही सीनियर असोत. लेबर रूममध्ये न रडलेल्या बाळाला बॅग-मास्कने श्वास देणं आधी पुतळ्यावर शिकतात, मिनिटाला ४० ते ६० या गतीने. तिथे नडतं ते एकच: मास्कच्या कडेने हवा निसटते. छाती उचलत नसेल तर जोराने दाबायच्या आधी मास्क नीट बसवावा, मान सरळ करावी, तोंड साफ करावं.

कॅज्युअल्टीत कोकणातून किंवा डोंगराळ भागातून विंचू चावलेलं मूल आलं की दंशाच्या जागेकडे सगळे बघतात. बघायचे असतात ते गार हातपाय, घाम, उलट्या आणि हृदयाची गती. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा मुलांत प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. रॉकेल प्यायलेलं मूल आलं तर उलटी काढायची नाही, पोट धुवायचं नाही, कारण नुकसान फुप्फुसात होतं आणि प्रत्येक उलटीबरोबर थोडं रॉकेल तिकडे जातं. नातेवाईक मिठाचं पाणी पाजून आलेले असतात; त्यांच्यावर ओरडून काही साधत नाही, पुढच्या सहा तासांचे श्वास मोजत बसणं साधतं.

जुलाबाचं बाळ मात्र रोज येतं आणि त्यात विद्यार्थी पूर्ण कामाचा असतो. काही प्रमाणात शुष्क झालेल्या मुलाला चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस द्यायचं असतं. आठ किलोच्या मुलाला ६०० मिलिलिटर, म्हणजे १२० छोटे चमचे, म्हणजे दर दोन मिनिटांना एक चमचा. हा हिशेब असा मांडला की आईला तो लगेच पटतो. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनीही हे पाजण्याचं काम नातेवाइकांच्याच हाती दिलं होतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. चार तासांनी विद्यार्थ्याने परत येऊन डोळे, तहान, कातडी आणि लघवी बघायची. हे परत येणं तेवढं बहुतेकांकडून राहतं.

घरी सोडताना पाकीट एक लिटरचं आहे हे सांगून भागत नाही. ग्लासभर पाण्यात सगळं पाकीट ओतणाऱ्या घरांत मुलाच्या रक्तातलं मीठ धोकादायक वाढतं, आणि चिमूटभर घालून बाकीचं ठेवून देणाऱ्यांच्या मुलाला क्षार पुरेसे मिळत नाहीत. लिटरची रिकामी बाटली समोर ठेवावी, पाकीट आईच्या हातात द्यावं आणि तिलाच करून दाखवायला सांगावं. द्रावण २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. झिंकची गोळी चमच्यात विरघळवून सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला २० मिलिग्रॅम, त्याआधी दोन महिन्यांपासून १०, जुलाब थांबले तरी चौदा दिवस. परत कधी यायचं हेही तिच्याच तोंडून वदवून घ्यावं: रक्त पडलं, पिणं बंद झालं, सुस्तावलं, ताप चढला. तिने हे चारही सांगितले की मगच लॉगबुकवर सही घ्यावी.